पुढचे टायर 22 हजारांतच घासले, रोटेशनने भागेल का? (इंदूर)

लोकमान्यनगरकर:
नमस्कार मंडळी. माझी हॅचबॅक 22 हजार किमी चालली आहे. रोज घर-ऑफिस, महिन्यातून एकदा आईला ओंकारेश्वरला नेतो. काल पंक्चरवाल्याने गाडी उचलली तेव्हा पुढच्या डाव्या टायरची आतली कड गुळगुळीत दिसली. मागचे दोन्ही छान आहेत. तो म्हणतो चारही बदला. काय करू?

स्टेपनीकाका:
चारही बदलायची घाई नको. तुमच्या गाडीत इंजिन पुढची चाकं ओढतं, वळणं त्यांच्यावर, ब्रेकचा मुख्य भारही त्यांच्यावरच. ते आधी झिजणारच, म्हणून दर 8-10 हजार किमीला टायरांच्या जागा आपसात बदलायच्या, तेच रोटेशन. पुढचे सरळ मागे, मागचे तिरपे पुढे, म्हणजे मागचा डावा पुढे उजवीकडे. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र डावा डावीकडेच राहतो.

पण तुमचं दुखणं वेगळं दिसतंय. हवा कमी असली की दोन्ही कडा जातात, जास्त असली की मधला पट्टा. एकटी आतली कड गेली म्हणजे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बघा. झिजून टायरच्या आतली तार बाहेर दिसत नसेल तर तळवा टायरवर आडवा फिरवा. एकीकडून मऊ आणि उलट फिरवताना करवतीसारखं टोचलं, तर चाकं सरळ रेषेत नाहीत. ते दुरुस्त न करता चांगले टायर पुढे आणलेत तर त्यांचीही तीच गत होईल.

पलासियाची_मेधा:
काकांशी सहमत. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, 1.6 मिमीचे. रबर त्यांच्या पातळीला आलं की टायर संपला, तो मागेही लावू नका. सिमरोल घाटात पावसात माझ्या गाडीचा मागचा भाग घसरला होता, मागे गुळगुळीत टायर होते. मुलं गाडीत होती. अजून आठवलं की पोटात गोळा येतो. दोनच नवे घेणार असाल तर नवे मागे लावा.

लोकमान्यनगरकर:
काका, मेधाताई, मनापासून आभार. अलाइनमेंट खरंच बिघडलं होतं, आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा प्रिंट मागून घेतला. डावा टायर उंचवट्यांपर्यंत आला होता. दोन नवे मागे, मागचे पुढे.

स्टेपनीकाका:
छान. आता दारावरच्या स्टिकरप्रमाणे पुढची-मागची हवा भरा आणि 50-100 किमीनंतर नट पुन्हा आवळून घ्या. किलोमीटर बिलावर लिहून ठेवा.