'कार्बोनेट धातुक' म्हणजे नक्की काय?

प्रश्न: राजस्थानातल्या जावरच्या खाणींबद्दल एक मराठी लेख वाचत होते. त्यात धातुकाबद्दल, म्हणजे ज्यातून धातू काढतात त्या खनिजाबद्दल, एकदा 'कार्बोनेट खडकातलं धातुक' आणि पुढे लगेच 'कार्बोनेट धातुक' असं लिहिलंय. दोन्ही एकच का? आणि त्यात 'निक्षेप' असा शब्दही आहे, तो म्हणजे साठाच ना?

– नाही हो ताई, एकच नाही, आणि इथे गल्लत झाली की अख्खा लेख चुकतो. जावरला खडक कार्बोनेटचा आहे, म्हणजे अरवलीतला डोलोमाइट (कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं कार्बोनेट), दीडशे कोटी वर्षांहून जुना, उथळ समुद्रात साचलेला. पण त्यातलं धातुक सल्फाइड आहे, म्हणजे धातू आणि गंधकाचं संयुग, जस्ताचं स्फॅलेराइट आणि शिशाचं गॅलेना. असल्या खडकाची गंमत अशी की आम्लधर्मी पाणी त्यात शिरलं की खडक विरघळून जागा होते आणि त्याच वेळी पाण्याचं आम्लपण मरतं, मग पाण्यात विरघळलेले धातू तिथेच बसतात, गंधक मिळालं की सल्फाइड होऊन. जावरला नेमकं काय कधी झालं यावर अभ्यासकांत वाद आहेत, कारण नंतर त्या खडकांना घड्या पडल्या आणि धातुक पुन्हा इकडचं तिकडे सरकलं.

खरं कार्बोनेट धातुक पाहायचं तर उत्तराखंडात पिथौरागढजवळ चंडाकचं मॅग्नेसाइट (मॅग्नेशियमचं कार्बोनेट) बघा. तिथे खनिज स्वतःच कार्बोनेट आहे, शुद्ध असेल तर ४७ टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड. डोलोमाइटातल्या कॅल्शियमची जागा मॅग्नेशियमने घेतली असं बरेचजण मानतात, आणि सूक्ष्मजीवांनी रचलेले स्ट्रोमॅटोलाइटचे थर त्या खडकांत अजून ओळखू येतात, मला तरी हे फार विलक्षण वाटतं.

– मग लोखंडाचं कार्बोनेट पण असतं ना, सिडेराइट? ते समुद्रात का नाही होत?

– होतं कधीकधी, पण समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, चिखलातले जिवाणू त्याचं हायड्रोजन सल्फाइड करतात आणि लोह त्याच्याशी जुळून पायराइट, म्हणजे लोहाचं सल्फाइड, होतं. गोड्या पाण्याच्या दलदलीत सल्फेट कमी, प्राणवायू नाही, सडणाऱ्या झाडपाल्यातून कार्बोनेट मिळतं, तिथे सिडेराइटच्या गाठी बनतात. पश्चिम बंगालात राणीगंजच्या कोळशाच्या थरांमधल्या शेलमध्ये (चिखलाच्या थरांचा खडक) त्या आहेत आणि तिथलाच कुलटीचा लोखंडाचा कारखाना सुरुवातीला याच दगडावर चालायचा.

आणि निक्षेपाचं म्हणाल तर माझ्या मते साठा वेगळा. निक्षेप म्हणजे जमिनीत ते धातुक ज्या रूपात, ज्या जागी बसलंय ते. साठा म्हणजे त्यातलं काढता येईल असं किती टन. पेपरवाले दोन्हीला साठा म्हणतात, पण 'साठा कसा तयार झाला' हे वाक्य मला खटकतं. 'निक्षेप' जड वाटत असेल तर सरळ 'धातुक कसं तयार झालं' लिहा, आणि जावरसाठी 'डोलोमाइटातलं जस्त-शिसं', म्हणजे खडक कुठला आणि धातुक कुठलं हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.