जीप उभी करा, पण तिला फौजी सोंग कशाला?

अर्धाक्लच

गेल्या रविवारी सकाळी येऊरच्या पायथ्याशी चहा घेत होतो. शेजारी एक जीप येऊन थांबली. फौजी हिरवा रंग, बोनेटवर पांढरा तारा, मागे जेरीकॅन, अंगाला कुऱ्हाड आणि फावडं पट्ट्यांनी आवळलेलं. मालक पस्तिशीचा, भलताच उत्साही. म्हणाला, "बेचाळीसची विलीज आहे काका. बर्मा फ्रंटला होती."

मी बोनेटकडे बघत राहिलो. एवढं उंच बोनेट युद्धकाळात अमेरिकेच्या विलीज कंपनीने बनवलेल्या एमबी जीपला नव्हतंच. ते आलं विलीजच्या नंतरच्या सीजे-३बी मॉडेलबरोबर, १९५३ साली. तिच्या इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह (इंधन आत घेणाऱ्या झडपा) वर हेडमध्ये गेले, इंजिन उंच झालं आणि बोनेटही उचलावं लागलं. बर्मातली लढाई संपून तोवर आठ वर्षं झाली होती. शिवाय या गाडीचं स्टेअरिंग उजवीकडे, मागे खाली पडणारं फळकं, पेट्रोलचं झाकण बाहेरून. एमबीचं स्टेअरिंग डावीकडे, मागे फळकं नाही, आणि पेट्रोल भरायचं तर ड्रायव्हरला आधी सीटवरून उठावं लागतं.

बोललो काही नाही. त्याने चहाचे पैसेही दिले.

पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच. ती सीजे-३बी महिंद्राची होती, म्हणजे आपल्या गावची. देश नुकताच स्वतंत्र झाला होता त्या काळात विलीजचे सुटे भाग बोटीने यायचे आणि माझगावात जीप जोडल्या जायच्या. पुढे कांदिवलीला कारखाना झाला. इथल्या बंदरात उतरलेली, इथल्या कामगारांनी नटबोल्ट आवळलेली गाडी, आणि तिचा मुंबईकर मालक तिला अमेरिकन सैनिकाचे कपडे घालून मिरवतो!

माझं म्हणणं एवढंच: जुनी फोर व्हील (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी) घ्या, जीव ओतून उभी करा, पण ती जी होती तीच करा.

माझी १९७२ ची. मिरजेजवळ बाभळीखाली सात वर्षं पडून होती. बॅटरीच्या जागी साळुंकीचं घरटं. घेतली १ लाख ६० हजाराला. त्यानंतर चौदा महिने आणि पावणेचार लाख गेले, अजून हूड (कापडी छत) शिवायचं आहे. डेंटरने लांबी (पुट्टी) खरवडली तेव्हा खालून रंगांचे थर निघाले. वर वडापवाल्याचा पिवळा. त्याखाली कुणीतरी निवडणुकीत मारलेला, भगवा की लाल ते आता कळत नाही. सगळ्यात खाली करडा, आणि त्यावर काळ्या अक्षरांत 'पाटबं' एवढंच उरलेलं. पाटबंधारे खात्याची गाडी. कालव्याच्या भरावावरून ओव्हरसियरला घेऊन फिरली, मग चौदा-चौदा माणसं कोंबून बाजारला गेली. मी तिला तो करडा रंग परत दिला. बायको म्हणते, हिरवी जास्त चांगली दिसली असती. दिसली असती, मान्य.

मतं येऊ द्या. शिव्याही चालतील.

मोकाट

काका (तुम्हीच म्हणवून घेतलंत), हौसेला मोल नसतं. लग्नात नवरदेव फेटा बांधून हातात तलवार धरतो, तो काय लढाईला निघालेला असतो? कुणी त्याला थांबवून "तुमच्या घराण्यात तलवार होती का" असं विचारतं?

माझी मारुतीची जिप्सी आहे, दिल्लीची. तिकडे तेव्हा पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवू देत नव्हते म्हणून स्वस्तात सुटली. एनओसी आणून वाशीला पासिंग केलं. मॅट हिरवा रंग, दोन इंच लिफ्ट (म्हणजे तेवढी उंच केली), जाडे टायर. माळशेजला गेलं की लोक थांबून फोटो काढतात. तुमच्या करड्या पाटबंधाऱ्याचा फोटो कोण काढतं ते सांगा.

निवृत्त सुभेदार

मोकाट यांना आधी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १२१. संरक्षण खात्याची वाहनं सोडून दुसऱ्या कुणालाही गाडीला ऑलिव्ह हिरवा रंग देता येत नाही. मॅट आहे म्हणून सुटका नाही. कुणी अडवत नाही हा भाग वेगळा.

आता अर्धाक्लच. तुम्ही 'आपली' आणि 'फौजी' असे दोन ढीग केलेत, ते मला पटलं नाही. सप्टेंबर १९६५, खेमकरणचं क्षेत्र. हवालदार अब्दुल हमीद यांनी पॅटन रणगाडे फोडले ते जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस (मागे धक्का न देणाऱ्या) तोफेने. मागे पत्र्याचं कवच नाही, वर छप्पर नाही. परमवीर चक्र मिळालं, मरणोत्तर. त्या जीपपेक्षा जास्त 'आपली' गाडी कोणती? आणि महिंद्राच्या जीप फौजेने काय थोड्या वापरल्या? तुमच्या कालव्यावरच्या गाडीची सख्खी बहीण सरहद्दीवर होती.

मी फौजेची जोंगा चालवली आहे. जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनायची, मूळ घडण निसानच्या पॅट्रोलची. सहा सिलिंडर, जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये लावली की हत्तीसारखी जायची, आणि पेट्रोलचा काटा डोळ्यांदेखत खाली यायचा. एकदा बर्फात रात्रभर तिच्यात बसून काढली आहे. त्यामुळे कुणी जोंगा उभी करत असेल तर ती जोंगाच दिसावी, पाटबंधाऱ्याची नव्हे.

लिलावातली गाडी घेणाऱ्यांसाठी एक सूचना. सैन्याने विकलेल्या गाडीबरोबर लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेलं विक्री प्रमाणपत्र असतं, नमुना २१. आरटीओला नोंदणीच्या वेळी तेच लागतं. ते नसेल तर 'आर्मी डिस्पोजल' हे फक्त विकणाऱ्याच्या तोंडात आहे असं समजा.

चिंचपोकळी

सुभेदारसाहेबांशी सहमत. +१

कुर्ला गॅरेज

तुम्ही लोक रंगावर भांडता. गाडीखाली झोपून बघा आधी.

माझे वडील आणि मी, कुर्ल्यात हेच काम. जीप आली की मी बोनेट उघडत नाही, पहिल्यांदा ब्रेक बघतो. सीजे-३बीला चारही चाकांना नऊ इंची ड्रम, आणि मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत पोचवणारा) एकच लाइनचा. एका चाकाचा सिलिंडर गळला की पेडल सरळ खाली, चारही चाकं मोकळी. कालव्यावर तीसच्या स्पीडला ठीक होतं. आता तुम्ही तीच गाडी ईस्टर्न एक्स्प्रेसला घालता, मागे डंपर, पुढे रिक्षावाला कट मारतो. डबल लाइनचा मास्टर सिलिंडर टाका. तो फ्लोअरच्या खाली असतो, कुणाच्या बापाला दिसत नाही.

दुसरं, किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन. चाळीसच्या पुढे स्टेअरिंग थडथडायला लागलं की मालक चार वेळा व्हील बॅलन्सिंग करून येतात. पैसे फुकट. किंगपिनची बेअरिंग आणि शिम (पातळ चकत्या) बघायचे असतात.

तिसरं, फोर व्हील टाकून डांबरावर फिरवू नका. या गाड्यांत मधलं डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारं) नाही. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखी फिरत नाहीत, सगळा पीळ ट्रान्सफर केसवर (दोन्हीकडे ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर) येतो. गेल्या महिन्यात एकाने रील बनवायला पार्किंगमध्ये गोल गोल फिरवली. बिल बघून गप्प झाला.

आणि ज्यांना खरी विलीज घ्यायची असेल त्यांनी चॅसीचा पुढचा आडवा सपोर्ट बघा. गोल पाइप असेल तर विलीज, उलट्या यू सारखा असेल तर युद्धकाळात फोर्डने बनवलेली तशीच जीप, जीपीडब्ल्यू. फोर्डच्या बोल्टवर 'एफ' असतो. हल्ली ते बोल्टही वेगळे विकत मिळतात, त्यामुळे बोल्ट बघून पैसे देऊ नका.

अर्धाक्लचशेठ, तुमचा मास्टर सिलिंडर कुठला आहे?

गुहागरची वाट

'ती जी होती तीच करा' हे ऐकायला गोड आहे. ती लिटरला सात किलोमीटर देणारी होती. पहिला गिअर टाकायला गाडी जवळजवळ थांबवावी लागायची, कारण या जीपच्या टी-९० गिअरबॉक्सच्या पहिल्याला सिंक्रोमेश (चालत्या गाडीत गिअर सहज पडू देणारी सोय) नाही. सायनच्या सिग्नलला हे दिवसातून वीस वेळा करून दाखवा, मग बोलू.

माझ्या १९६९ च्या जीपमध्ये वडिलांनी १९९१ मध्ये प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल टाकलं, महिंद्राच्या एमएम ५४० जीपला यायचं तेच. मी पुढे पॉवर स्टेअरिंग केलं. महिन्यातून एकदा गुहागरला जाऊन येते, आई मागच्या सीटवर. चालणारी गाडी जगते. तुमच्या शुद्ध गाड्या वर्षातून एकदा रॅलीला ट्रकवर चढून येतात, ट्रकवरच परत जातात. त्याला जीप म्हणायचं की देव्हाऱ्यातला टाक?

कलम ५२

गुहागर ताई, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. इंजिनाची नोंद आरसीवर आहे का?

आणि पन्नास वर्षं झाली म्हणून कुणी खूश होणार असेल तर तेही थांबा. २०२१ च्या नियमांनी अशा गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. पाटीवर 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं. पण चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. आणि रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर.

गुहागरची वाट

इंजिनाची नोंद आरसीवर आहे. वडील कारकून होते, कागदाशिवाय त्यांनी आयुष्यात काही केलं नाही. आणि व्हीए पाटी मला नकोच. ती लावली तर गुहागर बंद.

सेक्रेटरी (नाइलाजाने)

तुम्ही गाडी उभी केलीत हो, पण ती उभी कुठे करणार?

आमच्या सोसायटीत ४८ फ्लॅट, २२ पार्किंग. तिसऱ्या मजल्यावरच्या एकांनी 'प्रोजेक्ट' म्हणून एक सांगाडा आणून ठेवला. दोन पावसाळे झाले. आधी तिच्यावर ताडपत्री होती, आता ताडपत्रीवर मांजरं आहेत. ऑइल गळून पेव्हर ब्लॉक काळे झाले. विचारलं की म्हणतात, "पार्ट दिल्लीहून येतोय." मायापुरीहून (दिल्लीतला जुन्या पार्टचा बाजार) निघालेला तो पार्ट चालत येत असावा. मुंबईत जीप घेणाऱ्याकडून आधी जागेचं हमीपत्र घ्यावं असं माझं मत आहे. रंग कोणताही मारा.

मोकाट

सेक्रेटरी काका जिंकले. धागा बंद करा.

अर्धाक्लच

बंद नको, थोडं माझंही ऐका.

सुभेदारसाहेब, दोन ढिगांबद्दल तुमचं बरोबर आहे. अब्दुल हमीदांची गोष्ट शाळेपासून माहीत आहे, आणि लिहिताना आठवली नाही याची लाज वाटली. माझा राग फौजी गाडीवर नाही. जी कधी फौजेत नव्हती तिला तारा लावण्यावर आहे. त्यातही परक्या सैन्याचा तारा. अब्दुल हमीदांच्या आठवणीसाठी कुणी जीप सजवली असती तर मी त्याला चहा पाजला असता.

मोकाट, फेट्याचं उदाहरण आवडलं. पण नवरदेव दुसऱ्या दिवशी फेटा काढतो.

गुहागर ताई, तुमच्याशी भांडायची सोय नाही. वडिलांनी टाकलेलं इंजिन हा आता त्या गाडीचाच इतिहास आहे, माझ्या पिवळ्या थरासारखा. म्हणजे माझंच वाक्य माझ्यावर उलटलं: 'ती जी होती' म्हणजे नेमकी कोणत्या साली? मी ७२ धरलं, कारण मला करडा आवडला. वडापचा पिवळा तिच्या अंगावर जास्त वर्षं होता, तोही तेवढाच खरा. हे खरवडण्याआधी सुचलं असतं तर कदाचित पिवळी केली असती. पॉवर स्टेअरिंगचं मात्र मला पटलेलं नाही. जीपचं स्टेअरिंग ओढताना खांदे दुखले पाहिजेत.

रोजच्या वापराबद्दल एक भर. हल्ली पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. इथेनॉलने माझ्या जीपच्या इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा रबरी पडदा आणि दोन नळ्या चार महिन्यांत फुगवल्या. नवीन रबर घातलं तेव्हा कुठे थांबलं. पेट्रोलवाल्यांनी आधीच बदलून घ्या. आणि नोंदणी नूतनीकरणाचे पैसे हिशेबात धरा. २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या गाडीला ५ हजार होते, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्यांना १० हजार झाले.

सेक्रेटरीसाहेब, माझी जीप भांडुपला मेव्हण्याच्या गाळ्यात आहे. मेव्हणाही तुमच्यासारखंच बोलतो.

कुर्ला गॅरेज

शेठ, सगळ्यांना उत्तर दिलं. माझं राहिलं.

अर्धाक्लच

मास्टर सिलिंडर जुनाच आहे. एकच लाइनचा. रबर किट नवीन टाकलंय. मूळचं ते मूळचं राहावं म्हणून बदलला नाही.

कुर्ला गॅरेज

शनिवारी घेऊन या.

अर्धाक्लच

सकाळी लवकर निघतो. दहापर्यंत पोचेन.

कुर्ला गॅरेज

चालवत नाही. टो करून.