रिमोट सेशन चालू असतानाच ऑफिसचा पीसी झोपतो

प्रश्न: विंडोज ११. घरून वेक-ऑन-लॅनने (झोपलेल्या पीसीला नेटवर्कवरून सिग्नल पाठवून जागं करणं) ऑफिसचा पीसी उठवतो, पण लॉगिन करेपर्यंत दोनेक मिनिटांत तो परत झोपतो. स्लीप तर ३० मिनिटांवर ठेवलंय!

उत्तर १: सेटिंग्ज > सिस्टिम > पॉवरमध्ये प्लग्ड-इनचा स्लीप 'नेव्हर' करा. स्क्रीन बंद झाली तरी चालते, सेशन तुटत नाही. लॅपटॉप असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये झाकण मिटल्यावर 'डू नथिंग' निवडा.

उत्तर २: दोन मिनिटं म्हणजे दुखणं वेगळं आहे. नेटवर्कवरून उठलेल्या पीसीसमोर कोणी नाही असं विंडोज धरतं आणि 'सिस्टिम अनअटेंडेड स्लीप टाइमआउट' लावतं. त्याचा डिफॉल्ट २ मिनिटं, वर हा पर्याय लपवलेला! रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंग्जचा साठा) पॉवर सेटिंग्जखाली स्लीपच्या गटात '७बीसी४'ने (7bc4) सुरू होणारी नोंद (key) शोधा, 'ॲट्रिब्यूट्स' २ करा. मग ॲडव्हान्स्ड पॉवर ऑप्शन्समध्ये तो दिसेल. तिथे ६० मिनिटं टाका. पॉवर प्लॅन बदलला की आकडा पुन्हा तपासा.

उत्तर ३: रजिस्ट्रीला हात लावायचा नसेल, तर पॉवरटॉइजमधलं (मायक्रोसॉफ्टचा मोफत टूल्सचा संच) पीसीला झोपू न देणारं 'अवेक' चालू ठेवा. फक्त ते लॉगिन केलेल्या सेशनमध्येच चालतं. साइन आउट केलंत की संपलं.