महागाई ०.२५ टक्क्यांवर आली, पण कोणाच्या पैशाने?

गिरणाकाठ
कोथरूडकर यांनी काल याच मंचावर लिहिले की ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्क्यांवर उतरला, रिझर्व्ह बँकेने २०२५ या वर्षभरात रेपो दर (ती बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर) सव्वा टक्क्याने कमी करून ५.२५ वर आणला, घराचा हप्ता हलका झाला, भाजी स्वस्त झाली आणि त्यामुळे ‘आता तक्रारीला कोणालाच जागा उरलेली नाही’. हे शेवटचे वाक्य मला झोंबले, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

त्याच महिन्यात खाद्यपदार्थांचे भाव आदल्या वर्षाच्या तुलनेत ५.०२ टक्क्यांनी उतरले होते. ते आपोआप उतरले नाहीत, ते कोणाच्या तरी उत्पन्नातून वजा झाले. मी उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये काढून चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये, भरला, कारण तेव्हाच्या भावात खर्चही निघत नव्हता. दिवाळीनंतर चाळ फोडली तेव्हा वरचा थर बरा होता, मधल्या थरावर काजळी चढली होती, आणि तळाचा कांदा पाणी सोडून एकमेकांना चिकटला होता. निवडायला बसलेल्या बायकांची मजुरी, ट्रॅक्टरचे भाडे आणि वजनातली घट धरली, तर क्विंटलला मिळालेले नऊशे रुपये माझ्या हाती नऊशे म्हणून आलेच नाहीत.

याउलट भाव चढू लागला की काय होते, ते सर्वांना ठाऊक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरात टनाला ८०० डॉलरची किमान निर्यात किंमत, डिसेंबरात थेट बंदी. ती बंदी मे २०२४ मध्ये उठली, तीही ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क मागे ठेवून. भाव चढताना सरकार मध्ये पडते आणि उतरताना बाजाराचे नियम सांगते, एवढीच माझी तक्रार आहे, आणि तिला जागा आहे.

कोथरूडकर
आपल्या नुकसानीबद्दल मला सहानुभूती आहे, पण आपण अर्धेच वर्ष सांगत आहात. २०२४ च्या नोव्हेंबरात हाच कांदा आम्ही सत्तर-ऐंशी रुपये किलोने घेतला. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशी तेव्हा अर्धा-पाव किलो कांदा नेत असत. ज्या घराची निम्मी कमाई खाण्यावर जाते, त्या घराला स्वस्ताई म्हणजे पगारवाढच असते. त्या हंगामात शेतकऱ्यांनी मिळवलेला नफा कोणी ग्राहकाला परत केला नव्हता.

गिरणाकाठ
नोव्हेंबरात चाळीत कांदा कोणाच्या उरतो, हे आपण एकदा येऊन पाहावे. लहान शेतकरी गावच्या सहकारी सोसायटीचे कर्ज फेडण्यासाठी जून-जुलैतच माल काढतो. शिवाय त्या नोव्हेंबरातही २० टक्के शुल्क लागूच होते. ते १ एप्रिल २०२५ रोजी शून्यावर आले, म्हणजे उन्हाळ कांदा बाजारात लोटला आणि भाव पडू लागला तेव्हा.

आकडेमोड
दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट निसटते आहे. ०.२५ टक्के हा भावांच्या वाढीचा दर आहे, भावांची पातळी नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये महागाई ६.२१ टक्के होती, आणि त्या चढलेल्या पायावर यंदाची तुलना झाल्याने आकडा इतका लहान दिसतो. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, बिस्किटे यांवरचा वस्तू व सेवा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याचीही भर पडली. कोथरूडकर यांच्या वाण्याचे एकूण बिल दोन वर्षांपूर्वीच्या बिलाखाली गेले असेल, असे मला वाटत नाही.

गिरणाकाठ यांनाही एक प्रश्न आहे. शुल्क शून्य झाल्यावरही भाव पडलेलेच राहिले, मग सगळा दोष निर्यातधोरणाचा कसा? २०२४-२५ मध्ये कांद्याचे उत्पादन आदल्या वर्षापेक्षा बरेच वाढले होते, त्याचा उल्लेख आपण टाळलात.

निवृत्त शिक्षिका
रेपो दर उतरला म्हणून आनंद मानणाऱ्यांनी ठेवींवर जगणाऱ्यांचाही विचार करावा. माझी मुदतठेव या वर्षी नव्याने ठेवली, तेव्हा आधीपेक्षा कमी व्याज पदरात पडले. औषधे, दवाखाना आणि सोसायटीचा देखभाल खर्च यांत ०.२५ टक्के मला कोठेही दिसले नाहीत. मुलाचा हप्ता हलका झाला तो आईच्या व्याजातून, असे आमच्या घरात तरी झाले आहे.

खानावळ, नाशिकरोड
ग्राहक रोज विचारतात की कांदा इतका उतरला, मग थाळी का उतरत नाही. थाळीच्या खर्चात कांदा फार थोडा असतो; तेल, गॅस, जागेचे भाडे आणि कामगार हे खरे खर्च आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये सोयाबीन उत्पादकांसाठी म्हणून खाद्यतेलावरचे आयातशुल्क एका फटक्यात वीस टक्क्यांनी वाढवले. माझा तेलाचा डबा त्याच आठवड्यात महागला, आणि सोयाबीन मात्र ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकले गेले. शेतकऱ्याला मिळाले नाही, माझ्याकडून मात्र गेले. मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरचे शुल्क थोडे उतरले, तोवर दोन आचारी कमी करून मी स्वतः भट्टीपुढे उभा राहिलो होतो.

लासलगावचा व्यापारी
कांद्याकडे परत येऊ. भाव पडले की शिव्या व्यापाऱ्याला, हे ठरूनच गेले आहे. परदेशी ग्राहक एकदा तुटला की परत येत नाही. बंदीच्या काळात आमच्या आखाती आणि मलेशियाच्या गिऱ्हाइकांनी पाकिस्तानचा आणि चीनचा माल उचलला. बांगलादेश हे तोवर आपले सर्वांत मोठे गिऱ्हाईक होते. त्याने २०२५ मध्ये आपल्या शेतकऱ्यांसाठी बराच काळ आयातीचे परवानेच रोखून धरले. आकडेमोडताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर हे आहे: शुल्क एका दिवसात शून्य करता येते, गिऱ्हाईक एका दिवसात जोडता येत नाही.

गिरणाकाठ
शेठ, गिऱ्हाइकाचे पटले. परंतु वांध्याबद्दल, म्हणजे लिलावानंतर मालात खोट काढून भाव कापण्याबद्दल, आपण एक अक्षर लिहिले नाही. लिलावात ट्रॅक्टरवरचा कांदा पाहून पुकारा होतो, भाव ठरतो, पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या पावतीवर, लिहिला जातो, आणि व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल ओतल्यावर ‘खालचा कांदा हलका निघाला’ म्हणून शंभर-दोनशे रुपये कमी करायला सांगतात. रिकामा ट्रॅक्टर घेऊन उभा असलेला शेतकरी ओतलेला कांदा परत कसा भरणार? माझ्याबरोबर हे झाले आहे, आणि तेव्हा बाजूला उभा असलेला एकही व्यापारी बोलला नाही.

लासलगावचा व्यापारी
आणि वर निवडक कांदा, खाली बारीक गोल्टी आणि कोंब आलेला माल भरून आणणारे शेतकरी नाहीतच काय? तो माल दिल्लीला किंवा बंदरात नाकारला गेला की नुकसान माझे. सगळ्यांना एका मापाने मोजू नका. जुलै २०१६ पासून अडत, म्हणजे विक्रीवरची दलाली, शेतकऱ्याकडून नव्हे, खरेदीदाराकडून घेतली जाते, हेही लोकांना सांगा.

गिरणाकाठ
अडत गेली, पण पट्टीतून कापली जाणारी हमाली आणि तोलाई गेली का? एप्रिल २०२४ मध्ये त्याच कपातीच्या आणि हमाल-मापाऱ्यांसाठीच्या लेव्हीच्या वादावरून नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे लिलाव कित्येक दिवस ठप्प होते. भांडण व्यापारी आणि हमाल यांचे, आणि कांदा सडला आमचा. आपण भेसळीचा आरोप सरसकट केलात, तो मागे घ्यावा.

लासलगावचा व्यापारी
सरसकट केलेला नाही, त्यामुळे मागे घेण्याचा प्रश्न येत नाही. वांधा काढून भाव पाडणारे काही जण आमच्यातही आहेत, एवढे लिहितो. याहून अधिक अपेक्षा ठेवू नये.

आकडेमोड
या वादातला मुद्दा खरे तर मूळ प्रश्नापेक्षा मोठा आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या अभ्यासनिबंधात कांद्यावर ग्राहक खर्च करतो त्या रुपयातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात, असा अंदाज आहे. उरलेले ६४ पैसे सगळे नफ्याचे नाहीत. त्यात वाहतूक आहे, सड आहे, हमाली आहे, किरकोळ विक्रेत्याच्या पाटीत उरून फेकावा लागणारा माल आहे. पण शेतकऱ्याचा भाव निम्मा झाला तरी हे खर्च निम्मे होत नाहीत, म्हणून शहरातला भाव त्या प्रमाणात उतरत नाही. कोथरूडकर यांच्या मावशींना मिळालेली स्वस्ताई आणि गिरणाकाठ यांनी सोसलेला तोटा हे एकाच मापाचे नाहीत. तोटा मोठा आहे.

कोथरूडकर
‘कोणालाच जागा उरलेली नाही’ हे शब्द मी लिहायला नको होते, एवढे मान्य करतो. मात्र पडलेल्या भावाची भरपाई दर वर्षी करदात्याने करावी, हे मला मान्य नाही. २०२३ मध्ये राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान दिलेच होते.

गिरणाकाठ
ते अनुदान दोनशे क्विंटलपर्यंतच होते. ज्याने पट्ट्या जपून ठेवल्या नव्हत्या किंवा ज्याच्या सातबाऱ्यावर कांद्याची नोंद नव्हती, त्याला अर्जासाठी तलाठ्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. मी भरपाई मागतच नाही. रोप टाकायच्या वेळी, म्हणजे ऑक्टोबरात, पुढच्या वर्षभराचे निर्यातधोरण जाहीर करा आणि ते वर्षभर बदलू नका, एवढेच मागतो आहे.

आकडेमोड
पाऊस कमी झाला आणि भाव शंभरावर गेला, तर कोणतेही सरकार तो शब्द पाळणार नाही. १९९८ मध्ये दिल्ली राज्याची सत्ता कांद्याने घालवली, ही आठवण सर्व पक्षांना आहे.

गिरणाकाठ
मग २०२४ च्या लोकसभेला आमच्या कांदापट्ट्यातल्या दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार का पडल्या, ही आठवणही त्यांनी ठेवावी. यंदा मी निम्म्याच रानासाठी रोप टाकले आहे. उरलेल्या रानात हरभरा आणि गहू आहे. आमच्या शिवारात अनेकांनी तसेच केले आहे. पुढे कांदा महागला तर बंदी मागण्यापूर्वी कोथरूडकर यांनी हा धागा पुन्हा वाचावा, ही विनंती.

कोथरूडकर
वाचेन. पण तेव्हा भाव ऐंशीवर गेला, तर मीही गप्प बसणार नाही.