शब्दचर्चा : ‘घरशाळा’, ‘डीस्कूलिंग’ आणि ‘मुक्त’

प्रश्न : गुरुजी, नमस्कार. या जूनपासून आम्ही आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला घरीच शिकवत आहोत. गावात कोणाला ‘ती घरी असते’ असे सांगितले, की ‘शाळेतून काढली का?’ हाच प्रश्न येतो. होमस्कूलिंग, अनस्कूलिंग, डीस्कूलिंग हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का, आणि त्यांना मराठीत काय म्हणावे?

उत्तर : ताई, ‘शाळेतून काढली’ हे मुलीविषयी म्हटले, की आपल्याकडे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लग्नच उभे राहते, त्यामुळे ‘ती घरी शिकते’ असे क्रियापद बदलून सांगावे. सरकारी सर्वेक्षणात मात्र ६ ते १४ वयाचे मूल कोणत्याही शाळेच्या पटावर नसेल, तर ते ‘शाळाबाह्य’ या रकान्यात जाते, मग ते घरी कितीही शिकत असो.

होमस्कूलिंगला ‘गृहशिक्षण’ किंवा ‘घरशाळा’ म्हणतात. मला पहिला शब्द बरा वाटतो, कारण ‘घरशाळा’ म्हटले की फळा, तासिका आणि हजेरीही घरात येतात. अनस्कूलिंग हा शब्द जॉन होल्ट या अमेरिकी शिक्षकाने १९७७ च्या सुमारास रूढ केला. त्यात ठरलेला अभ्यासक्रम नसतो, मुलाचे कुतूहल जिकडे नेईल तिकडे पालकाने सोबत करायची असते. याला कोणी ‘मुक्त शिक्षण’ म्हणतात, आणि खरा घोटाळा तिथेच होतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतील ‘मुक्त’ म्हणजे रोज शाळेत न जाता परीक्षा देण्याची मुभा. अभ्यासक्रम आणि पुस्तके तिथे ठरलेलीच असतात. तिच्या अ, ब, क या पातळ्या अनुक्रमे तिसरी, पाचवी व आठवीच्या समकक्ष आहेत आणि दहावीसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण लागतात. राज्य मंडळाचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज, ही याहून निराळी वाट आहे, जरी गावात तो फॉर्म नापासांचाच समजला जात असला तरी.

घरी शिकवणारे पालक ‘युनिट स्टडी’ही म्हणतात, म्हणजे एकाच गोष्टीभोवती सगळे विषय गुंफून शिकणे; त्यासाठी नवा शब्द घडवण्याची गरजच नाही. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर सेवाग्रामला गांधीजींची नई तालीम उभी राहिली, तेव्हा हस्तोद्योगाच्या आधारे बाकीचे विषय शिकवण्याच्या रीतीला ‘समवाय’ म्हटले गेले. (नई तालीम ही शाळाच होती, तिला होमस्कूलिंग म्हणू नये.) आपल्या वावरात वेचणी चालू असेल, तर काट्यावर १४ किलो ६०० ग्रॅम कापूस भरला, किलोला १० रुपयांप्रमाणे मजुरी किती, हे मुलीनेच वहीत मांडावे; दशांश अपूर्णांक तिथेच शिकून होतात. मग सरकी वेगळी कशी होते, रुईची गाठ कुठे जाते, आणि पहिल्या वेचणीआधी वावरात सीतादहीची पूजा का करतात, असे प्रश्न ती स्वतःच विचारील.

डीस्कूलिंगला दोन अर्थ आहेत. इव्हान इलिच या विचारवंताने १९७१ मध्ये समाजच शाळेच्या पकडीतून सोडवण्याविषयी लिहिले. पालक मात्र हा शब्द शाळा सुटल्यानंतर मुलाची, आणि पालकाचीही, शाळेची सवय मोडण्याच्या काळासाठी वापरतात. मी त्याला ‘पडीत काळ’ म्हणेन.

प्रश्नकर्ती : गुरुजी, ‘पडीत’ शब्द माझ्या सासऱ्यांपुढे काढला, तर ते म्हणतील की कास्तकार आळशी असला की वावर पडीत राहते. आमच्याकडे उन्हाळ्यात वावर नांगरून तापू देतात, तेव्हा ते रिकामे दिसले तरी त्याला कोणी पडीत म्हणत नाही. मुलगी गेले दोन महिने सकाळी दहा वाजले की आपोआप दप्तर शोधते. ही सवय जाईपर्यंतच्या काळाला ‘उन्हाळवाही’ म्हटले तर?

उत्तर : ताई, माझा शब्द मागे घेतो. ‘उन्हाळवाही’च ठेवावा, दप्तर मात्र तिच्या हाताशीच असू द्यावे.