गव्हाची ॲलर्जी : खायच्या नसलेल्या वस्तूंतला गहू कसा ओळखावा?

नमस्कार. आम्ही कोल्हापुरात राहतो. माझ्या साडेपाच वर्षांच्या मुलीला गव्हाची ॲलर्जी आहे (सिलियॅक, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला होणारा आजार, नव्हे). घरात ज्वारीची भाकरी आणि भात असल्याने जेवणाचे अडत नाही, आणि खाद्यपदार्थांच्या पाकिटावर गव्हाचा उल्लेख २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार बंधनकारक असल्याने दुकानातही निभावते. अडते ते खायच्या नसलेल्या वस्तूंपाशी.

गेल्या महिन्यात एका हस्तकला शिबिरात मुलांना कागदाच्या लगद्याचा गणपती करायला शिकवला. अर्ध्या तासात हिच्या मनगटापर्यंत गांधी उठल्या आणि त्याच हाताने डोळा चोळल्यामुळे पापणी टम्म सुजली. लगदा मैद्याच्या खळीत मळलेला होता. ॲलर्जीची कल्पना मी आधीच दिली होती, त्यावर "ती काय लगदा खाणार आहे का?" असे उत्तर मिळाले. राग आला, पण खरे सांगायचे तर खाऊ काय देणार हे मी विचारले होते, चिकटवायला काय वापरणार हे मलाही सुचले नव्हते.

तेव्हापासून घरातली एकेक वस्तू तपासते आहे. प्ले-डोमध्ये (मुलांच्या खेळायच्या मऊ रंगीत क्लेमध्ये) गहू असतो हे कंपनी स्वतःच सांगते; सुट्या मिळणाऱ्या तशाच रंगीत क्लेच्या डब्यावर मात्र घटकच छापलेले नव्हते. शाम्पूच्या बाटलीवर 'ट्रिटिकम व्हल्गेर' असे बारीक अक्षरांत सापडले, म्हणजे गहूच. आमचे बाइंडिंगवाले काका वह्यांना मैद्याचीच खळ लावतात, तीही कीड लागू नये म्हणून मोरचूद (विषारी कॉपर सल्फेट) घालून.

औषधे आणि त्रास झाल्यास काय करायचे हे डॉक्टरांकडून लिहून घेतले आहे, त्यामुळे उपचार सुचवू नयेत ही विनंती. जाणकारांकडून मला एवढेच हवे आहे : गव्हासाठी लेबलवर आणखी कोणती नावे पाहावीत? आणि लगद्याला मैद्याऐवजी साबुदाण्याची खळ किंवा बाभळीचा डिंक वापरून कोणी मूर्ती केली आहे का? आमच्याकडच्या श्रावणातल्या दमट हवेत ती वाळते का, की बुरशी धरते? कीड लागू नये म्हणून मेथीची पूड घालतात असे ऐकले आहे. किलोभर ओल्या लगद्याला ती किती घालावी? यंदाचा गणपती घरीच करायचा आहे, आणि सोंड मीच करणार असे हिने आत्ताच बजावून ठेवले आहे.