बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंचा आरोग्य-अभ्यास: मुलाचं नाव द्यावं का, आणि सही कुणाची?

बोचीचा_बाबा
मुलगा २४ वर्षांचा, डाऊन सिंड्रोम. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये (बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या खेळस्पर्धा) बोची, म्हणजे चेंडू लक्ष्याजवळ टाकायचा खेळ, आणि १०० मीटर चालणे. कोचसरांमार्फत एका कॉलेजच्या अभ्यासाचं पत्र आलंय: वर्षभरात तीन भेटी, दर वेळी रक्त, सहा मिनिटं चालण्याची चाचणी, आणि आठवडाभर कमरेला हालचाल मोजणारं यंत्र. सोबत चार पानी इंग्रजी फॉर्म, शेवटी एकच रेघ: 'पालकांची सही'.
१) हेल्दी ॲथलीट्स या स्पेशल ऑलिम्पिक्सच्या आरोग्य-शिबिरात तपासण्या होतातच. मग हे वेगळं काय?
२) मुलाची सही लागते का? स्वतःचं नाव लिहितो, पण एवढा मजकूर त्याला कळणार नाही.
३) सुई दिसली की हात मागे घेतो. काय करावं?

संमतीपत्र
आधी फरक. हेल्दी ॲथलीट्स १९९७ पासून चालू आहे. डोळे, दात, कान, पाय, लवचीकता, रक्तदाब, हाडं अशी तपासणी होते आणि काही सापडलं की पुढे कुठे जायचं त्याची चिठ्ठी मिळते. ती सेवा आहे, मुलासाठी आहे. अभ्यासाचा हेतू माहिती गोळा करणं हा असतो. त्यात मुलाला थेट फायदा होईलच असं नाही, आणि फॉर्ममध्ये हे स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. "फुकट चेकअप" म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर तिथेच थांबवा.

सहीचं. तुमच्या फॉर्ममधली ती एकटी रेघ चुकीची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम ६: दिव्यांग व्यक्तीवर कुठलंही संशोधन करायचं तर तिची स्वतःची, मोकळेपणाने आणि समजून दिलेली संमती लागते, आणि ती तिला समजेल अशा माध्यमातून घ्यावी लागते. शिवाय सरकारने नेमलेल्या दिव्यांगता संशोधन समितीची पूर्वपरवानगीही याच कलमात आहे, आणि त्या समितीत निम्मे तरी सदस्य दिव्यांग किंवा नोंदणीकृत संस्थांचे हवेत. संशोधन नैतिक आहे का ते बघणारी कॉलेजची एथिक्स कमिटी वेगळी, ही वेगळी. दोन्हींची परवानगीची पत्रं मागा. पहिलं बहुतेक जण लगेच दाखवतात, दुसऱ्याचं नाव काढलं की "बघून सांगतो".

दुसरी गोम वयाची. १८ पूर्ण झाल्यावर आई-बाबा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते असेल तर प्रत जोडा. तरीही मुलाचा होकार लागतोच, आणि त्याने मान हलवून 'नको' म्हटलं की तुमच्या सहीने तो नकार पुसला जात नाही.

फॉर्म मराठीत मागा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे सहभागी व्यक्तीला कळेल त्या भाषेत तो द्यावाच लागतो, आणि सही केलेली प्रत तुमच्या हातात यायला हवी. हे प्रश्न लेखी विचारा:
– अभ्यासामुळे दुखापत झाली तर उपचार कुणाच्या खर्चाने? (उत्तर: संशोधकांच्या. 'निरामया' या नॅशनल ट्रस्टच्या आरोग्य-विम्याचं एक लाखाचं कवच त्यांच्या जबाबदारीला पर्याय नाही.)
– रक्ताचा नमुना किती वर्षं ठेवणार? दुसऱ्या कामाला वापरणार? जनुकीय तपासणी?
– थायरॉइड किंवा हृदयाचं काही आढळलं तर कोण कळवणार, किती दिवसांत?
– प्रवासखर्च आणि बुडालेला रोज?
– मध्येच सोडलं तर आधीच्या माहितीचं काय?

व्यायामाचा किंवा औषधाचा प्रयोग असेल तर सीटीआरआय (चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. १ एप्रिल २०१८ पासून अशा चाचण्यांची नोंद पहिला माणूस घेण्याआधी व्हावी लागते. नुसतं निरीक्षण असेल तर क्रमांक नसूही शकतो, त्यावरून लगेच संशय घेऊ नका.

आणि कोचसरांमार्फत पत्र आलंय हे मला खटकतं. संघनिवडीशी याचा काही संबंध नाही, असं एक वाक्य फॉर्ममध्ये लिहून घ्या. कोच कितीही चांगला असला तरी त्याला 'नाही' म्हणणं या मुलांना जड जातं.

फिजिओ_ताई
चाचण्यांबद्दल लिहिते, कारण खरी गडबड तिथे होते.

सहा मिनिटांची चाल: ३० मीटरचा सपाट पट्टा, दोन टोकांना शंकू, जितकं चालता येईल तितकं. आपली मुलं पहिल्या वेळी शंकूपाशी थांबतात, टाळ्या वाजल्या की परत येतात, नाहीतर ओळखीचं कुणी दिसलं की गप्पा. आकडा कमी येतो. दुसऱ्या भेटीत खेळ कळलेला असतो म्हणून आकडा वाढतो, आणि अहवालात लिहिलं जातं 'क्षमता सुधारली'. म्हणून मोजणीआधी दोन सराव-फेऱ्या आहेत का, हे विचारा.

नेहमीच्या पद्धतीत सोबत चालायला मनाई असते, कारण सोबत्याचा वेग लागतो. या खेळाडूंना मात्र अर्धं पाऊल मागे चालणारा सोबती बरेचदा लागतोच. द्या, पण तिन्ही भेटींत तसाच द्या. एकदा सोबती आणि एकदा नाही, तर ते आकडे एकमेकांशी लावता येत नाहीत.

नाडीचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. कमाल नाडी काढायचं '२२० वजा वय' हे नेहमीचं सूत्र डाऊन सिंड्रोमला लागू पडत नाही. श्रम वाढले तरी त्यांचं हृदय तेवढ्या प्रमाणात वेग घेत नाही. २००१ मध्ये फर्नहॉल आणि सहकाऱ्यांनी दिलेलं सूत्र: २१० वजा (०.५६ × वय), त्यातून डाऊन सिंड्रोम असेल तर आणखी ३१, इतर बौद्धिक अक्षमतेत १५.५ वजा. तुमच्या मुलाचं साधारण १६६ येतं. नेहमीच्या सूत्राने १९६. आता कुणी '८५ टक्के गाठा' म्हणून १९६ चे ८५ टक्के काढले तर होतात १६७, म्हणजे त्याच्या कमाल नाडीच्याही वर! पोरगं धापा टाकतंय आणि बाजूला कुणीतरी "अजून थोडं" म्हणतंय. कोणतं सूत्र वापरणार, एवढं विचारलं तरी समोरच्याचा अभ्यास कळतो.

मानेचंही बघा. डाऊन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो. नव्याने मान दुखणं, मान एका बाजूला कलणं, चाल बदलणं, हातातून वस्तू निसटणं, लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काहीही असेल तर चाचणी रद्द करून आधी डॉक्टर.

बोचीचा_बाबा
आभार. दोन्ही पत्रं आणि मराठी फॉर्म मागितला आहे. पण 'समजेल अशा माध्यमातून' म्हणजे घरी नेमकं कसं समजवायचं? आणि रक्ताचं?

चित्रवेळापत्रक
विशेष शिक्षक म्हणून सांगते. चार पानांची सहा चित्रं करा. एका पानावर एक चित्र, खाली एक ओळ: 'मी चालणार.' 'ताई रक्त घेणार.' 'थोडं टोचेल.' 'मी नको म्हणू शकतो.' 'नको म्हटलं तरी बोची चालूच.' 'झालं की घरी.' शक्य असेल तर खऱ्या खोलीचे, खऱ्या खुर्चीचे फोटो घ्या. कार्टून घेऊ नका, त्यातली सुई हसत असते.

"कळलं का?" असं विचारू नका, "हो"च येणार. "येशील ना?" यालाही "हो" आणि "येणार नाहीस ना?" यालाही "हो". त्याऐवजी "तिथे काय करणार, मला दाखव" म्हणा. मग दोन दिवस जाऊ द्या आणि पुन्हा विचारा. दोन्हीकडे तेच उत्तर आलं तर तो होकार धरा.

सुईसाठी घरी दहा दिवस रोज पाच मिनिटं: खुर्चीत बसणं, बाही वर, दंडाला रबरी पट्टा, कोपराच्या आतल्या बाजूला ओला कापूस, पेनाच्या बंद टोकाचा स्पर्श, दहापर्यंत मोजणं, पट्टी चिकटवणं. क्रम बदलू नका. डॉक्टरांना विचारून लिडोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं मलम लावता येतं: जाड थर, वर चिकटपट्टी, ६० मिनिटं. फसतं ते इथे, की लोक रांगेत उभे असताना लावतात आणि दहा मिनिटांत पुसतात. पुसल्यावरही दहा मिनिटं थांबा, मलमाने शीर आक्रसते आणि सापडत नाही.

धरून ठेवून रक्त घेऊ देऊ नका. अभ्यासासाठी तर नाहीच.

लॅब_टेक
वरच्यात थोडी भर. रक्त साधारण ८ ते १० मिली, म्हणजे दोन चहाचे चमचे. करड्या झाकणाची नळी साखरेची, जांभळी एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि रक्तपेशींची, पिवळी किंवा लाल थायरॉइडची. मुलाला आदल्या दिवशी रंग दाखवून ठेवा, पुष्कळांना नळ्या मोजायला आवडतात.

उपाशीपोटी म्हणजे औषधही बंद, हा घोळ नेहमीचा. फिट्सची गोळी चुकवायची नाही, साध्या पाण्याबरोबर वेळेवर द्या. थायरॉइडची गोळी उलट रक्त दिल्यावर, कारण आधी घेतली तर टी-४ हे थायरॉइडचं संप्रेरक तात्पुरतं वाढलेलं दिसतं. साखरेची गोळी खाण्याबरोबर. पहिला नंबर मागा आणि डबा सोबत न्या.

कमरेच्या यंत्राचं: दिवसाला निदान १० तास, आणि निदान ४ दिवस, त्यात एक सुट्टीचा, एवढं असलं की नोंद बहुधा धरतात. पट्टा कपड्यांवरून बांधा, घामाने खाज सुटली की मुलं काढून टाकतात. पोहताना, आंघोळीला काढून ठेवल्याची वेळ लिहून ठेवा, नाहीतर तेवढा वेळ 'बसून होता' असा मोजला जातो.

संमतीपत्र
एक राहिलं होतं. 'नाव गुप्त राहील' यावर समाधान मानू नका. 'अमुक जिल्हा, २४ वर्षं, डाऊन सिंड्रोम, बोची' एवढं छापलं की गावातल्या कुणालाही कळतं तो कोण. वय गटात द्या, जिल्हा गाळा, असं लिहून घ्या. फोटो-व्हिडिओची संमती वेगळ्या कागदावर, आणि ती नाकारली तरी अभ्यासात राहता यायला हवं.

बोचीचा_बाबा
कॉलेजकडून फोन आला. एथिक्स कमिटीचं पत्र पाठवताहेत, दुसऱ्या समितीबद्दल "बघून सांगतो". चित्रं मात्र आजच काढायला घेतो.